पत्नीला टाइप १ डायबिटीस, इन्सुलिन पंप घ्यायचा विचार: घरच्या माणसाने काय शिकून ठेवावं?

गोदाकाठ
पत्नी ३३ वर्षांची, टाइप १, निदान अकराव्या वर्षी. सध्या इन्सुलिन पेनवर आहे: रात्री ग्लार्जिन (दिवसभर हळूहळू चालणारं) १८ युनिट, तिन्ही जेवणांना मिळून ॲस्पार्ट (जलद चालणारं) साधारण २४. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.३. पहाटे दोन-तीनच्या सुमारास साखर ६० च्या खाली जाते आणि सकाळी उठेपर्यंत २०० च्या वर. डॉक्टरांनी पंप सुचवलाय. तिचं अजून ठरत नाही. सुया कमी होतील हे पटतं, पण चोवीस तास अंगाला नळी नको वाटते. मला तिच्यावर काही लादायचं नाही. पण पंप आलाच तर माझ्याकडून नेमकं काय व्हायला हवं? आणि खर्चाचा अंदाज कसा बांधायचा?

सुईदोरा
आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. पंपात फक्त जलद इन्सुलिन भरतात, ग्लार्जिन बंद होतं. म्हणजे अंगात साठा राहत नाही. कॅन्युला (कातडीखाली बसणारी बारीक नळी) वाकली किंवा चिकटपट्टी घामाने सुटली, तर तीन-चार तासांत साखर चढते आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) तयार व्हायला लागतात. पंप ओरडेलच असं नाही. इन्सुलिन कातडीवर गळत असेल तर पंपाच्या हिशेबी डोस पूर्ण गेलेला असतो. पट्टीला बोट लावून बघा, ओलसर लागलं आणि फिनेलसारखा वास आला तर गळती आहे.

म्हणून घरात हा क्रम दोघांनाही पाठ हवा. कारण नसताना साखर २५० च्या वर गेली की बोट टोचून साखर आणि रक्तातले कीटोन तपासायचे. कीटोन ०.६ पेक्षा कमी असतील तर पंपाने करेक्शन (चढलेली साखर उतरवायचा जादा डोस) देऊन तासाभराने पुन्हा बघायचं. साखर उतरली नाही, किंवा कीटोन ०.६ आणि वर आले, तर पंपावर विसंबायचं नाही: करेक्शन पेनने द्यायचं आणि मग कॅन्युला, नळी, रिझर्व्हॉयर (पंपातली इन्सुलिनची कुपी) सगळं नवं लावायचं. आधी हा सेट बदलत बसलात तर अर्धा तास फुकट जातो, म्हणून पेन आधी. कीटोन १.५ ला पोचले तर डॉक्टरांना फोन. ३ च्या वर गेले किंवा उलट्या सुरू झाल्या तर थेट हॉस्पिटल.

पेनने दिलेलं इन्सुलिन पंपाला कळत नाही. त्यानंतर ऑटो मोड (साखर बघून पंप आपोआप इन्सुलिन कमी-जास्त करतो तो) किती वेळ बंद ठेवायचा ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पंप बंद पडला तर ग्लार्जिन किती घ्यायचं, तेही त्याच कागदावर असू द्या.

सेट दर दोन-तीन दिवसांनी बदलतात. सकाळी बदला, झोपताना कधीच नको, कारण नवी कॅन्युला बसली की नाही हे दोन-तीन तासांनंतरच्या साखरेवरून कळतं. फ्रीजमधलं इन्सुलिन लगेच भरू नका. गार इन्सुलिन गरम होताना त्यातून बुडबुडे सुटतात, आणि नळीतला बुडबुडा म्हणजे तेवढा डोस कमी. जागा बेंबीपासून ५ सेंमी लांब, आणि दर वेळी आधीच्या जागेपासून दोन बोटं सरकून.

ज्वारीची_भाकरी
थोडं वेगळं मत देतो. पंप कर्बोदकं मोजत नाही, ती तुम्हालाच सांगावी लागतात. तेव्हा आधी महिनाभर नुसता सेन्सर (अंगावर चिकटवायचा, सतत साखर दाखवणारा) लावा आणि पेनवरच राहून मोजायची सवय करा. पहाटेची घसरण किती वाजता सुरू होते तेही दिसेल. सकाळची साखर पहाटेच्या हार्मोनमुळे चढते की रात्री घाबरून जास्त साखर खाल्ल्यामुळे, हेही उलगडेल.

स्वयंपाकघरात १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा ठेवा. ३० ग्रॅम कोरड्या कणकेच्या फुलक्यात अंदाजे २१ ग्रॅम कर्बोदकं, ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ४० च्या वर, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २८ च्या आसपास. साबुदाणा मात्र जपून: कोरड्या १०० ग्रॅममध्ये ८५ च्या वर, म्हणजे उपासाची खिचडी दोन भाकऱ्यांना भारी पडते. पुरणपोळी एकदाच घरी तोलून त्या आकाराचा आकडा लिहून ठेवा.

ग्लार्जिन रात्रभर जवळपास सारखंच चालतं, पंपात मात्र तासागणिक वेगळा बेसल (जेवणाशिवाय सतत जाणारं इन्सुलिन) लावता येतो. तुमच्या पत्नीला खरा फायदा इथे आहे. हिशेब असा असतो: रोजचे ४२ युनिट, सुरुवातीला साधारण २० टक्के कमी करून ३४. त्याचा निम्मा १७, भागिले २४, म्हणजे ताशी ०.७. मग मध्यरात्री ते तीन ०.५ आणि तीन ते सात ०.९ असं काहीतरी डॉक्टर बसवतात. हे आकडे नुसते समजून घ्या, स्वतः लावू नका.

ऑरेंज_टोपी
खर्चाचं. पंपाची किंमत सगळे विचारतात, पण घर चालतं ते महिन्याच्या सामानावर. तीन दिवसांनी बदल धरला तर महिन्याला १० सेट आणि १० रिझर्व्हॉयर. सात दिवसांचा सेन्सर असेल तर वर्षाला ५२. शिवाय पट्ट्या, बॅटऱ्या, कीटोनच्या स्ट्रिप्स. यातले दोन-तीन सेट वाया जाणारच, ते धरा. चार वर्षांचं लेखी कोटेशन मागा, वॉरंटी संपल्यावर काय तेही विचारा. विमा कंपनीकडून पंप आणि सामान या दोन्हींबद्दल लेखी उत्तर घ्या.

आता आपल्याकडचा मोठा धोका. आपल्या मेडिकलमध्ये ४० आययूच्या (एका एमएलमध्ये ४० युनिट) वायली, म्हणजे इन्सुलिनच्या बाटल्या, सर्रास मिळतात. पंप १०० आययू प्रति एमएल धरून चालतो. चुकून ४० ची भरली तर पंप १० युनिट दाखवेल आणि अंगात जातील ४. उलटी चूक जास्त भयंकर: पंप बंद पडला म्हणून १०० च्या वायलीतून लाल टोपीच्या, म्हणजे ४० च्या, सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत ओढलं तर जातील २५. घरात फक्त केशरी टोपीच्या, म्हणजे १०० च्या, सिरिंज ठेवा.

गोदाकाठ
मनापासून आभार. रात्री साखर घसरली तर मी काय करायचं? आणि ॲपवर तिची साखर माझ्या फोनवर दिसणं तिला आवडेल का, शंका आहे.

सुईदोरा
शुद्धीवर असेल आणि ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पाण्यात तीन सपाट चमचे ग्लुकोज पावडर. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. ऑटो मोडमध्ये पंपाने इन्सुलिन आधीच थांबवलेलं असतं, तेव्हा बऱ्याचदा ८-१० ग्रॅम पुरतात. चॉकलेट नको, त्यातली चरबी वेळ खाते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. एका कुशीवर वळवा, नळी कॅन्युलाजवळच्या जोडातून काढा, घरात ग्लुकॅगॉन (साखर झटकन वाढवणारं औषध) असेल तर द्या आणि १०८ ला फोन करा. तो जोड उघडायला आजच शिका, अंधारात, नुसत्या बोटांनी.

ॲपचं तिलाच विचारा. बऱ्याच घरी असं ठरतं: ५५ च्या खाली गेली आणि दहा मिनिटांत तिने अलार्म बंद केला नाही, तरच फोन करायचा. जेवणानंतर १९० दिसले म्हणून ऑफिसात फोन करायचा नाही. आणि पंप घेण्याआधी नळी लावलेला डेमो पंप दोन-तीन दिवस सलाइनवर (इन्सुलिन न भरता) मिळतो का विचारा. साडी-ड्रेसमध्ये कुठे अडकवायचा, झोपेत ओढला जातो का, हे तिचं तिलाच कळेल.