चोणकाच्या त्वचेतील कोलॅजन न रंगवता पाहताना दिसणारे काळे पट्टे

प्रश्न (फोंड्याची अभ्यासक)

नमस्कार. चोणक या माशाच्या त्वचेतील कोलॅजनवर, म्हणजे तिला बळकटी देणाऱ्या तंतुमय प्रथिनावर, मी काम करत आहे. मडगावच्या बाजारातून आणलेली त्वचा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून आणि मेणात बसवून मी तिचे ५ मायक्रॉनचे उभे काप घेतले. ट्रायक्रोमने (कोलॅजनला निळे करणाऱ्या रंगांच्या मिश्रणाने) रंगवल्यावर प्रत्येक खेपेला निळी छटा वेगळी येते व तुलना करता येत नाही, म्हणून मेण काढलेले कोरे काप मी भूशास्त्र विभागातील ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली, दोन्ही पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या चकत्या) काटकोनात ठेवून पाहिले. एकाआड एक उजळ आणि काळे पट्टे दिसले. उजळ पट्टे स्टेज फिरवताना दर ९० अंशांनी मावळतात, परंतु काळे पट्टे कोणत्याही कोनात उजळत नाहीत. त्वचा दोन दिवस बर्फात होती. त्या थरांतील कोलॅजन नष्ट झाले असे समजावे का? खात्रीसाठी हेच काप सेकंड हार्मोनिक सूक्ष्मदर्शनाकरिता (लेसर वापरून कोलॅजन न रंगवता टिपण्याच्या पद्धतीकरिता) गोव्याबाहेर पाठवण्याचा खर्च करावा का?

उत्तर १

माझ्या मते कोलॅजन जागेवरच आहे. माशाच्या त्वचेच्या घट्ट थरात कोलॅजनचे तंतू प्लायवूडसारखे रचलेले असतात, म्हणजे एका पदरातील तंतू एका दिशेने आणि त्याखालच्या पदरातील त्यांना जवळजवळ काटकोनात. तुमचा काप योगायोगाने एका पदराच्या दिशेने गेला असावा. त्यामुळे तो पदर कापाच्या प्रतलात झोपलेला दिसतो व उजळतो, तर दुसऱ्या पदराचे तंतू थेट तुमच्या डोळ्याकडे टोक करून उभे आहेत. अशा उभ्या तंतूंना त्यांच्या अक्षावरून पाहिले की द्विअपवर्तन (कंपनाच्या दिशेनुसार प्रकाशाचा वेग बदलण्याचा गुण, ज्यामुळे तंतू उजळतात) जाणवतच नाही, मग स्टेज कितीही फिरवा. बर्फाने झालेली हानी इतक्या शिस्तीने एकाआड एक थर निवडणार नाही.

पडताळणी सोपी आहे. त्याच त्वचेचा शेजारचा तुकडा ९० अंशांनी वळवून कापा. उजळ व काळ्या पट्ट्यांची अदलाबदल झाली पाहिजे. दोन्ही दिशांच्या मधोमध कापलात, तर सगळे पदर सारखेच, पण मंद दिसतील. कोलॅजनचे द्विअपवर्तन सुमारे ०.००३ असल्याने ५ मायक्रॉनच्या कापात प्रकाशाच्या दोन कंपनांमध्ये जेमतेम १५ नॅनोमीटरचे अंतर पडते, म्हणून तुम्हाला रंग न दिसता फक्त करडे दिसते. भूशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकात जिप्सम प्लेटची (मंद करड्या छटांचे रंगांत रूपांतर करणाऱ्या स्फटिकाच्या पट्टीची) खाच असतेच. ती प्लेट घातली की तंतूंची दिशा निळ्या-पिवळ्या रंगांत कळेल. मेणाचा अंश मात्र राहू देऊ नका, कारण मेणही चमकते. त्वचेची चंदेरी झळाळी देणारे ग्वानिनचे स्फटिक तर कोलॅजनपेक्षा कितीतरी अधिक चमकतात, आणि नवख्या डोळ्याला ते सहज फसवतात.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे, आणि म्हणूनच हेच काप पाठवू नका, असे आवर्जून सांगतो. सेकंड हार्मोनिकमध्ये ८०० नॅनोमीटरच्या लेसरचे दोन फोटॉन एकत्र येऊन ४०० नॅनोमीटरचा एक फोटॉन बाहेर पडतो. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५० च्या दशकात उलगडलेली कोलॅजनची तिपेडी रचना सममित नसल्यामुळे आणि तंतूंत ती एका दिशेने ओळीत बसल्यामुळेच हे घडते. परंतु डोळ्याकडे टोक केलेले तंतू याही पद्धतीत जवळजवळ काळेच राहतात, तेव्हा पैसे खर्चूनही तोच प्रश्न तुमच्या हाती परत येईल.

त्याऐवजी न कापलेला, सपाट पसरलेला तुकडा पाठवा. वरून पाहिल्यावर दोन्ही पदर प्रतिमेच्या प्रतलातच येतात, आणि खोलीनुसार एकेक पदर वेगळा टिपता येतो. त्यापूर्वी काळे रंगद्रव्य खरवडून काढावे. लेसर वर्तुळाकार ध्रुवित, म्हणजे कंपनाची दिशा सतत फिरती, ठेवण्यास तेथे अवश्य सांगा. तो सरळ ध्रुवित (एकाच दिशेने कंप पावणारा) असेल, तर त्या दिशेला काटकोनात असलेले तंतू मंद दिसतील आणि एक पदर गायब झाल्याचा भास पुन्हा होईल. सोबत गरम पाण्यात शिजवलेला तुकडाही पाठवा. त्यात तिपेड सुटून जिलेटिन झालेले असल्याने हा प्रकाश मिळत नाही, आणि खरोखर नष्ट झालेले कोलॅजन कसे दिसते, हे तुम्हाला शेजारी ठेवून पाहता येईल.

प्रश्नकर्ती

देव बरें करूं! आज वळवून कापलेल्या तुकड्यात पट्ट्यांची अदलाबदल स्पष्ट दिसली. उभे काप पाठवण्याचा विचार सोडला आहे. सपाट तुकडा व शिजवलेला तुकडा पुढील आठवड्यात रवाना करीन.