मदत हवी आहे: कॉफी पावडरमधली भेसळ पकडायला लॅबला नक्की कोणती टेस्ट सांगायची?

स्टॉलवाला_पुणे: मंडळी, अर्जंट मदत पाहिजे. आमचा कॉफीचा स्टॉल आहे, नवीन लॉट आल्यापासून चव पार बदललीये, रंग काळाकुट्ट पण वास नाही आणि मागे जळक्या गुळासारखी चव राहते, गिऱ्हाईकं तोंडावर बोलतात. होलसेलवाला म्हणतो शंभर टक्के प्युअर. लॅबला दिली तर कॅफिन १.३% आणि शेरा 'मानकानुसार'. असं कसं? उद्या परत जातोय, कोणती टेस्ट सांगू तेवढंच सांगा.

रसायनी: नुसत्या कॅफिनवरून काही ठरत नाही. भाजलेल्या कॉफीला एफएसएसएआयची (अन्नाची मानकं ठरवणारी सरकारी संस्था) अट किमान १% आहे, तेवढं भरलं की पास. कॉफीच्या दोन जाती: अरेबिकात साधारण १.२% असतं, रोबस्टात २.२ च्या आसपास. म्हणजे शुद्ध अरेबिका पण १.३ दाखवेल आणि रोबस्टात ४०% चिकोरी (कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ) ढकलली तरी आकडा तोच. फिल्टरची आहे का इन्स्टंट? बी कोणतं? पाकिटावर काय छापलंय?

देवगडकर: लॅब कशाला? ग्लासभर पाण्यावर चमचाभर पावडर टाका, कॉफी तरंगते, चिकोरी रंगाची रेघ सोडत खाली जाते.

रसायनी: बारीक दळलेली कॉफी पण भिजली की बसतेच खाली. आणि प्रमाण किती ते कसं कळणार? व्यापाऱ्यापुढे कागद लागतो.

जुनाजाणता: आयोडीन टाका, निळं झालं की भेसळ. सोप्पं.

बॉटनीवाली: काका, चिकोरीत स्टार्च नसतो, इन्युलिन नावाचं वेगळं कार्बोहायड्रेट असतं, ते निळं होणार नाही. आयोडीनने फार तर भाजलेलं धान्य सापडेल. मायक्रोस्कोपी करायला सांगा. चिकोरीच्या मुळातल्या जाळीदार नळ्या आणि चीकवाहिन्या दिसतात, त्या कॉफीच्या बीत नसतातच. कॉफीत चंदेरी सालीच्या जाड भिंतीच्या लांबट पेशी दिसतात. एकदा बघितलं की घोटाळा होत नाही.

नेटकरी२२: ग्लुकोज २.४६ आणि झायलोज ०.४५% च्या वर गेलं की भेसळ, आयएसओ २४११४ हे आंतरराष्ट्रीय मानक बघा.

रसायनी: ते इन्स्टंटसाठी आहे हो. दळलेल्या कॉफीला लावू नका.

कॉफीप्रेमी: एनएमआर (रेणू ओळखायची मशीनवरची तपासणी) करा, १६-ओ-मिथाइलकॅफेस्टॉल हे रोबस्टातलं द्रव्य सापडलं तर अरेबिकात रोबस्टा मिसळलाय हे पक्कं.

बॉटनीवाली: रोबस्टाचं विचारलंय कोणी?

माऊ: मी म्हणते बियाच आणा चिकमगळूरच्या आणि घरी दळा, आम्ही तसंच करतो, वास दारापर्यंत येतो. थोडं जायफळ पण घाला.

स्टॉलवाला_पुणे: ताई, रोज सकाळी गर्दीत बिया कधी दळू? फिल्टरचीच आहे, पाकिटात नाही, सुटी येते, बिलावर नुसतं 'कॉफी पावडर'. बी कोणतं ते तो सांगतच नाही. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर 'जलविद्राव्य अर्क ४३%' (म्हणजे पाण्यात विरघळणारा भाग) असं पण आहे, त्याचं काय?

रसायनी: अहो हे आधी सांगायचं ना! शुद्ध भाजलेल्या कॉफीला हा अर्क २६ ते ३५% च्या आत लागतो. भाजलेल्या चिकोरीला किमान ५५. तुमचे ४३ शुद्ध कॉफीत बसतच नाहीत. लॅबने बहुतेक कॉफी-चिकोरी मिश्रण धरून तपासलंय, तिथे अर्क ५०% पर्यंत चालतो आणि कॅफिन ०.६ पुरतं. फॉर्मवर काय लिहिलं होतं?

स्टॉलवाला_पुणे: फॉर्म तिथल्या मुलानेच भरला.

रसायनी: मग उद्या स्वतः लिहा, 'भाजून दळलेली शुद्ध कॉफी', आणि त्याच मानकाने शेरा मागा. सोबत मायक्रोस्कोपी. कॅफिन परत करू नका, पैसे वाया जातील.

वकीलसाहेब: मिश्रण विकणं गुन्हा नाही. कॉफी किमान ५१% हवी आणि दोन्हींची टक्केवारी लेबलवर हवी. शुद्ध सांगून विकलं तर प्रश्न. पण कारवाई हवी असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याचं कलम ४० वाचा, तपासणी करणार हे खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. आधीच्या लॉटचा रिपोर्ट तिथे अडेल.

स्टॉलवाला_पुणे: शुक्रवारी नवीन माल येतोय, तेव्हाच तोंडावर सांगतो. नमुना मीच न्यायचा का त्यांचा माणूस येतो?

वकीलसाहेब: कलम ४० मध्ये तुम्हीच, फी भरून, आणि भेसळ निघाली तर फी परत मिळते. नाहीतर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा, अन्न सुरक्षा अधिकारी येऊन नमुन्याचे चार भाग करून सील करतो. केस उभी करायची असेल तर दुसरा रस्ता घ्या.