अण्णांच्या फोटोतलं विमान नक्की कोणतं? जाणकारांनी सांगावं

माचीपेठकर (सातारा):
नमस्कार मंडळी. माझे वडील नेव्हीत विमानांच्या इंजिनावर काम करायचे. रिटायर झाल्यावर साताऱ्यात स्थायिक झाले, मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या ट्रंकेत काळ्या कागदाचा एक अल्बम आहे. त्यातला एक फोटो मोठा करून आईला हॉलमध्ये लावायचाय, खाली विमानाच्या नावासकट. दादा म्हणतो सी हॉक, मला वाटतं ॲलिझे. अण्णांच्या तोंडी दोन्ही नावं असायची.

फोटो असा आहे: पंख वर दुमडलेले, नाकाला चार पात्यांचा पंखा. इंजिनाचं झाकण उघडं आणि अण्णा शिडीवर, बाह्या कोपराच्या वर, मागच्या खिशातून पुसायची चिंधी लोंबतेय. दोन्ही पंखांतून पुढे आलेले दुधी भोपळ्यासारखे लांबट फुगवटे. मागच्या बाजूला शाईनं 'डिसें. ६' इतकंच वाचता येतं, पुढचा आकडा ओल लागून पसरलाय. खाली तिघं जण उभे आहेत. एकही ओळखीचा नाही, आणि आता विचारायचं कुणाला?

तासगावचा_नौसैनिक:
ताई, तुमचंच बरोबर. ब्रेगे ॲलिझे. सी हॉक जेट होतं, त्याला पंखा कुठला! आणि ते एकट्या वैमानिकाचं लढाऊ विमान. ॲलिझेत तिघं बसायचे, काम पाणबुड्या शोधायचं. ते फुगवटे म्हणजे चाकं आत घ्यायची जागा, त्यांच्या पुढच्या भागात सोनोबॉय असायचे. समुद्रात टाकले की पाणबुडीचा आवाज टिपून विमानाला कळवायचे. पोटाखाली रडारचा घुमट असायचा, लागेल तेव्हा खाली सोडायचा, उतरताना आत घ्यायचा.

मी ८० नंतर कोब्रा स्क्वाड्रनमध्ये आलो, म्हणजे ३१० मध्ये. ही तुकडी मार्च १९६१ मध्ये फ्रान्समध्येच उभी राहिली आणि जुनी विक्रांत, म्हणजे आमची विमानवाहू बोट, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला आली. तेव्हा तुमचा फोटो डिसेंबर ६१ ते ६९ मधला. अण्णा अगदी पहिल्या फळीतले म्हणायचे. त्या लोकांनी आम्हाला घडवणाऱ्यांना घडवलं.

इंजिन रोल्स रॉइसचं डार्ट. ॲव्हरो विमानालाही तेच. त्याची ती बारीक, कानात शिरणारी शिट्टी एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. आमचा खरा वैरी मात्र खारं वारं. समुद्रावरून विमान आलं की आधी गोड्या पाण्यानं धुवायचं. कितीही दमलेलं असा, त्यात हयगय नाही, कारण एकदा गंज धरला की पुढचं काम चौपट. खिशातली ती चिंधी बघायला मला फार आवडेल.

७१ च्या युद्धात पूर्वेकडे विक्रांतवरून सी हॉक दिवसा आणि ॲलिझे बहुतेक रात्री जायची. चितगाव, कॉक्स बाझार. बॉयलरला तडा असल्यानं बोटीला पूर्ण वेग घेता येत नव्हता, तरी वाफेच्या कॅटापुल्टवरून, म्हणजे विमानाला डेकवरून पुढे फेकणाऱ्या यंत्रावरून, विमानं उडवली. पश्चिमेकडे १० डिसेंबरला आपलं एक ॲलिझे पाकिस्तानी स्टारफायटरनं पाडलं, तिघंही गेले. स्क्वाड्रनमध्ये त्यांचं नाव निघालं की जुनी माणसं हातातलं काम थांबवायची, हे मी पाहिलंय.

विक्रांतवरून ॲलिझे ८७ मध्ये शेवटचं उडालं. मग पुढे गोव्यातूनच, ९१ पर्यंत. बोट स्वतः २०१४ ला भंगारात गेली. ती म्युझियम म्हणून राहायला हवी होती, माझं मत बदललेलं नाही.

विमानाच्या अंगावर आकडा दिसतोय का? ॲलिझेचे क्रमांक दोनशेच्या पुढचे असायचे.

विश्रामबाग_सांगली:
माझा फोटो स्टुडिओ आहे म्हणून सांगतो. मूळ फोटो भिंतीवर लावू नका, उन्हानं उडेल. आधी स्कॅन करा, ६०० डीपीआयला, आणि मागची बाजूसुद्धा करा. त्या पसरलेल्या शाईवर कॉम्प्युटरवर रंग कमीजास्त केले की आकडा कधी कधी वर येतो. प्रिंट लावा ती स्कॅनची. काळ्या कागदावर गोंदानं चिकटलेला असेल तर ओढू नका, अल्बमचं पानच स्कॅनरवर ठेवा. लॅमिनेशन अजिबात नको. नावं लिहायची तर मागे कडेला, मऊ पेन्सिलीनं. बॉलपेननं पुढे वळ उठतो.

कऱ्हाड_कट्टा:
गोव्याला गेलात तर दाबोळी विमानतळाजवळ नौदलाचं विमान म्युझियम आहे. तिथे उघड्यावर ॲलिझे आणि सी हॉक दोन्ही उभी आहेत. आईंना घेऊन जा. दादांचा वादही मिटेल.

माचीपेठकर:
काका, आकडा आहे! भिंगातून पाहिलं, २०७ किंवा २०१, शेवटचा अंक शिडीआड गेलाय. दादाला तुमचं उत्तर वाचून दाखवलं, मग त्यानं अल्बम पुन्हा चाळला. शेवटच्या पानावर पंखा नसलेलं विमान निघालं. म्हणजे सी हॉकवरही अण्णा असणार. आई दोन्ही फोटो लावा म्हणतेय.

रविवारी स्कॅन करून इथे टाकते. काका, त्या तिघांपैकी कुणी तुमच्या वेळी वरिष्ठ म्हणून होते का, तेवढं नीट बघाल?

तासगावचा_नौसैनिक:
टाका ताई. आमच्या जुन्या माणसांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात नव्वदीला टेकलेले दोघे अजून ठणठणीत आहेत. चेहरे जरा मोठे करून वेगळे टाका, त्यांना मोबाईलवर बारीक दिसत नाही.