डोलकाठीखालचा डेक बसलाय: नुसता खांब बदलून भागेल का?

गोदाकाठ_२०
२० फुटी जुनी फायबरची शिडाची होडी, केबिन असलेली, खाली आखूड पक्की कील (तळाचा पाण्यात उतरणारा कणा). नाशिकजवळ गंगापूर धरणावर चालते, सध्या ट्रेलरवर आहे. डोलकाठी डेकवर उभी राहते. तिच्या बरोबर खाली केबिनमध्ये सागवानी खांब, तो कीलवर टेकतो. लक्षणं अशी:

डोलकाठीला धरणाऱ्या बाजूच्या तारा दोन-तीन फेऱ्यांत सैल पडतात, टर्नबकलचे (तार आवळायच्या पेचाचे) आटे जवळजवळ संपलेत. डोलकाठीच्या बैठकीभोवती जेलकोटला (फायबरवरच्या रंगीत बाह्य थराला) कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे. डेकवर सरळ पट्टी आडवी धरली तर मध्ये ९ मिमी फट. केबिनचं दार चौकटीला घासतं. खांबाच्या तळाशी लाकूड काळं पडलंय, स्क्रूड्रायव्हर २ सेमी आत जातो.

फायबरवाला म्हणतो, वरून मॅटचे (काचेच्या तुकडा-धाग्यांच्या चटईचे) दोन थर मारू आणि खाली स्टीलचा पाइप उभा करू. पुरेल का?

आडवा_वारा
नाही पुरणार. आणि तारा आता अजिबात आवळू नका. प्रत्येक पिळाबरोबर तुम्हीच डोलकाठी डेकमध्ये दाबताय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी (सोमेश्वर तर तुमच्या धरणाच्या वाटेवरच आहे).

आधी नुकसान किती पसरलंय ते बघा. डोलकाठी उतरवा आणि पेचकसाच्या प्लास्टिकच्या मुठीनं डेक ठोकत बाहेर बाहेर जा. टणक ‘टक’ आवाज आला तर ठीक, ‘भद्द’ आला तर आतलं लाकूड, म्हणजे फायबरच्या दोन थरांमधला गाभा, सुटलंय. हद्द पेन्सिलीनं आखा. मग केबिनच्या बाजूनं, फक्त आतला थर भेदेल इतकी ४ मिमीची चार-पाच भोकं पाडा आणि ड्रिलला लागलेला भुसा बोटांत चोळा. कोरडा, फिका असेल तर तिथे थांबा. चहाच्या चोथ्यासारखा ओला, आंबूस वासाचा निघाला तर तेवढा भाग काढायचाच.

आता पाइपचं गणित. समजा ३० अंश कलल्यावर होडीचा सरळ होण्याचा जोर ३५० किलोग्रॅम × मीटर आहे आणि निम्मी रुंदी १.१५ मी. ठोकताळा (२.७८ हा त्यातला ठरलेला गुणक): ३५० × २.७८ ÷ १.१५, म्हणजे डोलकाठीवर सुमारे ८५० किलोचा दाब. दीड इंची शेड्यूल ४० पाइप (बाहेरून ४८.३ मिमी, जाडी ३.६८) दीड मीटर उंचीला याच्या पाचपट दाबानंही वाकत नाही. दुखणं नेहमी टोकांना असतं. नुसत्या पाइपची कडा सुमारे ५ चौ. सेमी, म्हणजे १६५ किलो प्रति चौ. सेमी. टोकाला १०० × १०० मिमीची प्लेट दिली की तोच दाब ८.५ वर येतो. वर कुजलेला डेक आणि खाली कुजलेला पाया तसाच ठेवून मध्ये पोलाद उभं केलं तर ते दोन्हीकडे रुतत जाईल.

फायबर_उस्ताद
गणित बरोबर आहे, आता काम कसं करायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी कीलच्या खाली, खांबाच्या अगदी रेषेत, लाकडी ठोकळे घट्ट बसवा. होडी ट्रेलरच्या बाजूच्या आधारांवर असताना डेकला जॅक लावला तर डेक वर जायच्या ऐवजी तळ खाली जाईल. आत डेकला ३०० × ३०० मिमी प्लायचा तुकडा लावून त्याखाली स्क्रू जॅक. एका वेळी पाव फेरा, तास-दोन तास थांबा, परत पाव फेरा. ९ मिमी उचलायला दोन दिवस लागले तरी चालतील. कडकड ऐकू आली तर थांबा. जॅक काम संपेपर्यंत काढायचा नाही.

जेलकोट तसाही फुटलाय, म्हणून वरूनच उघडा. डोक्यावर हात करून खालून ओलं कापड चिकटवणं म्हणजे शिक्षा. समजा ४५० × ४०० मिमीचा तुकडा निघाला. वरचा थर कापून कुजका गाभा खरवडा. आतला थर शाबूत ठेवा, ॲसिटोननं पुसा, हॅलोजनच्या दिव्यानं पूर्ण वाळवा. बैठकीखाली फोम किंवा बाल्सा (हलकं, मऊ लाकूड) नको. तिथे ३०० × ३०० ची १२ मिमी जाड ग्लास-इपॉक्सी शीट (जी-१० किंवा एफआर-४) घाला. स्विचगिअरवाल्यांमुळे नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत ही शीट अनोळखी नाही. उरलेल्या भागात आयएस ७१० मरीन प्लाय.

कडेचा जुना थर १ ला १२ या उताराने घासा, म्हणजे ५ मिमी जाडीला ६० मिमी. हा उतार टाळला की जोड वर्षभरात उकलतो. चौ. मीटरला ६०० ग्रॅमच्या बायॲक्सियल (दोन दिशांना धागे असलेल्या) काचेच्या कापडाचे सात थर मिळून साधारण ५ मिमी होतात. कापड २ चौ. मी., रेझिन अडीच किलो धरा.

आणि फायबरवाल्यांचं नेहमीचं जीपी (साधं पॉलिएस्टर) रेझिन आणि मॅट नको. जुन्या, घासलेल्या फायबरला पॉलिएस्टर इपॉक्सीइतकं धरत नाही. बाजारातल्या नेहमीच्या मॅटचा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही, त्यामुळे ती इपॉक्सीबरोबरही नीट भिजत नाही.

आडवा_वारा
रेझिनबद्दल एक भर. एलवाय ५५६ (इपॉक्सी) आणि एचवाय ९५१ (हार्डनर) घेत असाल तर वजनाने १०० ला १०, ग्रॅमच्या काट्यावर. अंदाजे ओतलं तर महिन्यानंही चिकटच. एका वेळी २०० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ट्रेत ओता. डब्यात ठेवलं की स्वतःच तापून धूर सोडतं. चार थर झाले की थांबा, गरमी ओसरू द्या. वाळल्यावर वर मेणचट पापुद्रा येतो, तो घासण्याआधी साध्या पाण्यानं आणि स्क्रबरनं धुवा, नाहीतर पुढचा थर त्या मेणावर बसेल. पावसाळ्यात हे काम काढू नका. आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी १० अंशांवर उतरते तेव्हा रात्री दिवा लावून ताडपत्री टाका.

गोदाकाठ_२०
समजलं. पायाचं काय? आणि पाइप स्टेनलेस स्टीलच्या ३०४ ग्रेडचा की ३१६ चा?

फायबर_उस्ताद
धरणाच्या गोड्या पाण्यात ३०४ पुरेल. होडी कधी समुद्रात न्यायची असेल तर ३१६.

पायाला लाकूड परत नको. कुजकं सगळं काढून सिलिका घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीचा आणि कापडाचा ओटा करा, तळापासून ४० मिमी उंच, खालून आरपार २० मिमीचा पीव्हीसी पाइप, म्हणजे पाणी अडणार नाही. जुना खांब कुजला तो साचलेल्या पाण्यामुळेच. ओटा वाळला, डेक मूळ उंचीला आला, की मग माप घ्या. वर-खाली ८ मिमीच्या प्लेट धरून एकूण उंची ३ मिमी कमी ठेवा. वेल्डिंगनं प्लेट वाकते, म्हणून चार ठिकाणी टाके मारून मग पूर्ण फिरवायला सांगा आणि सपाटी पट्टीनं तपासा. उरलेली ३ मिमी फट इपॉक्सीच्या पुट्टीनं भरा, प्लेटला आधी मेण लावून. तिथे पत्र्याच्या चकत्या ठोकू नका, दाब एका कोपऱ्यावर येतो.

बैठकीच्या ८ मिमी बोल्टसाठी आधी १२ मिमीचं भोक, ते इपॉक्सीनं बुजवून मग त्यात ८ चं भोक. पाणी शिरलं ते इथूनच. वर ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), सिलिकॉन नाही.

आडवा_वारा
शीड चढवायचे दोर बैठकीपाशी वळवून मागे कॉकपिटपर्यंत (बसायच्या जागेपर्यंत) नेले असतील तर ते डेकला वर ओढतात. मग हे चार बोल्ट पाइपच्या वरच्या प्लेटमधून आरपार घ्या आणि खालची प्लेटही ओट्याला बोल्टनं बांधा.

जॅक शेवटचा थर घातल्यावर आठवड्यानं काढा. डोलकाठी उभी केल्यावर टर्नबकलचे निम्मे आटे शिल्लक राहायला हवेत. आटे त्याहून जास्त खपत असतील तर तारा मोजा, ताणल्या गेल्या असतील. तिसऱ्या फेरीनंतर डेकवर तीच पट्टी परत ठेवा.