मदत हवी आहे: दोन टेक्स्ट फाइलींचे ठरावीकच कॉलम कसे ताडून पाहायचे?

बालाघाट: लवकर सांगा, उद्या सकाळी ऑडिटर येताहेत. पतसंस्थेच्या जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरमधून खात्यांच्या याद्या काढल्यात. नोटपॅड++ (टेक्स्ट फाइली उघडायचं सॉफ्टवेअर) चं दोन फाइली ताडणारं कम्पेअर प्लगिन सगळ्याच ओळी वेगळ्या दाखवतंय. मला फक्त खाते नंबर आणि शिल्लक ताडायची आहे. १०४५ शोधलं तर रकमांमधलेही १०४५ सापडतात.

आकडेमोड: एक्सेलमध्ये घ्या, टेक्स्ट टू कॉलम्स करा, मग व्हीलुकअप (एका यादीतला नंबर दुसरीत शोधणारं सूत्र). दोन मिनिटांचं काम.

टर्मिनलवाला: आणि खाते नंबरापुढची शून्यं उडाली की? तो कॉलम टेक्स्ट ठेवायचा, हेही सांगा. @बालाघाट, कॉलम स्वल्पविरामाने तोडलेत की ठरावीक रुंदीचे?

बालाघाट: ठरावीक. १० खाते नंबर, ३० नाव, १२ शिल्लक.

टर्मिनलवाला: मग लिनक्सवर कट कमांडने १ ते १० आणि ४१ ते ५२ ही अक्षरं वेगळी काढून घ्या, दोन्ही फाइलींचे निकाल डिफला (फरक दाखवणाऱ्या कमांडला) द्या.

बालाघाट: माझं विंडोज. भाच्याच्या लिनक्सवर करून पाहिलं, शिल्लकेच्या जागी नावाचे तुकडे आले!

आकडेमोड: म्हणूनच एक्सेल म्हणत होतो.

जुना_कोबोल: नावं मराठीत आहेत का?

बालाघाट: हो, मराठीतच असणार ना.

जुना_कोबोल: तिथेच घोळ आहे. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं फाइलीत साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि लिनक्सवरचा कट बहुतेक ठिकाणी बाइटच मोजतो. त्यात 'क्षे' डोळ्यांना एक अक्षर, फाइलमध्ये ४ चिन्हं. नावाच्या पुढचं डावीकडून मोजूच नका, ओळीच्या शेवटाकडून मोजा. शिल्लकेनंतर काही आहे का?

बालाघाट: फाइल काढल्याची तारीख. १० अक्षरं.

जुना_कोबोल: अहो, म्हणून तर प्रत्येक ओळ वेगळी! फाइलींच्या प्रती करा. नोटपॅड++ च्या रिप्लेसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (खुणांनी शोधायची पद्धत) निवडा, शोधायच्या चौकटीत दहा टिंबं आणि लगेच $, बदलायची चौकट रिकामी. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, $ म्हणजे ओळीचा शेवट. तारीख गेली. खातं शोधताना आधी ^ द्या, मग शून्यांसकट पूर्ण नंबर. ^ म्हणजे ओळीची सुरुवात, रकमा मध्ये येणार नाहीत. कोबोल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या, ठरावीक कॉलमांच्या साच्यात ७३ ते ८० हे कॉलम कंपायलर (प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा) बघतच नाही, आम्ही ताडतानाही ते वगळायचो.

टर्मिनलवाला: ८० कॉलम म्हणजे पंचकार्डाची (भोकं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डाची) रुंदी, आयबीएमचं १९२८ चं कार्ड.

मुळाकाठ: बियॉन्ड कम्पेअर (फाइली ताडायचं सॉफ्टवेअर) घ्या, रोजचं काम असेल तर.

जुना_कोबोल: आज रात्री कशाला? @बालाघाट, दोन्हीकडे ओळींचा क्रम एकच आहे ना?

बालाघाट: नव्हता. नंबरवार लावला, तारीख काढली. आता ६ च ओळी वेगळ्या. चारांत नावाचं ऱ्हस्व-दीर्घ, दोनांत शिल्लक खरोखरच वेगळी. कॅशियरना फोन लावतोय.