खर्र्यातला सुगंध बंद झाला तर पोट्टे सुटतील का?

गुरुजी_आरमोरी
परवा सातवीतल्या एका पोराची गणिताची वही तपासत होतो. पान उलटलं अन् इलायचीचा वास आला. मधोमध पन्नीची पुडी, आत सुपारी, तंबाखू अन् चुना घोटलेला खर्रा, दाबून चपटा झालेला. रागावलो नाही. पहिल्यांदा कसा लागला विचारलं, तर म्हणतो, "गोड लागला, सर." याच पोरानं आजोबांच्या डबीतली साधी तंबाखू आधी एकदा तोंडात टाकली होती, तेव्हा ओकारी झाली होती. म्हणजे शरीरानं नाही म्हटलं होतं. तो नकार सुगंधानं झाकला. राज्यात 2012 मध्ये गुटखा बंद झाला, पुढं सुगंधी तंबाखूही. तरी माल येतोच. आधी तो तोडा, बाकीचं मग पाहू.

ठेलेवाला_वडसा
गुरुजी, वीस वर्षांपासून माझा पानठेला आहे. सारा दोष वासावर नका टाकू. पोट्टं ठेल्यावर येते ते बापानं पाठवलं म्हणून. "बाबासाठी दोन घोटून द्या." अठराच्या आतल्याले विकायचं नाही हे मले मालूम आहे. परत पाठवलं तर बाप भांडाले येते. अन् धानकापणीत बायामाणसं भूक मारायले खर्रा खातात, लेकरू बांधावर बसून तेच पाहते. तिथं कोणता सुगंध शिकवते त्याले?

आशाताई_कुरखेडा
दादा, हात लावायला घरातलेच शिकवतात, हे मान्य. पण एकदा हात लावलेला पोरगा दुसऱ्यांदा का जातो? चव चांगली लागते म्हणून. खर्र्यातल्या चुन्यानं निकोटीन मोकळं होतं अन् गालाच्या आतून लवकर रक्तात जातं. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यात ही तलफ अन् तो वास एकत्र बसतात. मग नुसती इलायची हुंगली तरी तोंडाला पाणी सुटतं. तोंड नीट उघडतं का ते पाहायला मी पोरांना तोंडात तीन बोटं उभी घालायला लावते. मागच्या महिन्यात नववीतल्या एकाची दोनच गेली. तो कितव्या वर्गापासून खातो ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

बी_ए_दुसरं_वर्ष
मी आठवीत गोड खर्र्यानंच सुरू केला. आता साधा, कडक लागतो; सुगंधी फिका वाटतो. त्यामुळे गुरुजी, बंदीनं माझं काही होणार नाही, माझ्या लहान भावाचं होईल. पण बंदी अर्धी नको. अमेरिकेनं 2009 मध्ये सिगारेटमधले फळांचे स्वाद काढले अन् मेंथॉल, म्हणजे पुदिन्याचा थंड स्वाद, ठेवलं. थंडाव्यानं घशाची जळजळ कळत नाही, वाट उघडीच राहिली. अन् आपल्याकडं सुपारी सुटून कसं चालेल? ती स्वतः कॅन्सर करते.

ठेलेवाला_वडसा
सुपारीवर पोट भरते माझं. खोटं नाही सांगत.

गुरुजी_आरमोरी
दादा, तुमचा मुद्दा पटला. त्या पोराच्या बाबांना शनिवारी शाळेत बोलावलं आहे. तुम्हीही या. ठेल्यावर भांडायला कोण येतं, ते त्यांच्यासमोर तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.