मदत हवी आहे: सिनेमा लागायच्या आत आईला कादंबरी वाचून दाखवायची आहे, आणि शेवटची सोळा पानं गायब

नमस्कार मंडळी. कादंबरीचं आणि सिनेमाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. टीझर आल्यापासून नायिकेचं काम कुणी करायला हवं होतं यावर इथे दोन धागे पेटलेलेच आहेत, त्यात तिसरा नको. ओळखलंत तर मनातच ठेवा.

सिनेमा बरोबर तीन आठवड्यांनी लागतोय. आई ७६ वर्षांची. तिने ही कादंबरी लग्नाआधी वाचलेली, नंतरही कितीदा तरी. आता डोळ्यांच्या मॅक्युलाच्या दुखण्यामुळे तिला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. टीव्ही मान तिरकी करून बघते, वाचन मात्र सुटलंच. टीझर बघितल्यावर (ऐकल्यावर म्हणा) म्हणाली, "त्यांना काय करायचंय ते करू देत. मला आधी पुस्तक वाचून दाखव, म्हणजे कुठे काय ढापलं ते मला कळेल."

मी स्वतः ती वाचलेली नाही. चाळीस वर्षं कपाटात बघत आलो, लहानपणी मुखपृष्ठावरच्या बाईला घाबरायचो, एवढाच संबंध. वाचायला बसलो आणि दोन गोष्टी लक्षात आल्या.

पहिली, मोठ्याने वाचायला फार वेळ लागतो. कामावरून ऐरोलीला पोचून, जेवणं आटोपून रोज पंधरा पानं होतात. त्यापुढे माझा घसा बसतो किंवा तिचा डोळा लागतो. पानं ४१६. एकवीस दिवसांत ३१५, म्हणजे शंभर कमीच पडतात. मधली गावाकडची वर्णनं गाळू का?

दुसरी गोष्ट जास्त वाईट. नौपाड्यातली आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेल्यावर सामान इकडे आणलं, त्यात पुस्तकांचं एक खोकं पावसात गॅलरीत राहिलं. बांधणी सुटली आणि शेवटचा फर्माच (एकत्र छापून शिवलेली सोळा पानं) गेला. चारशेव्या पानावर वाक्य अर्ध्यात तुटतं. आई म्हणते, "काही बिघडत नाही, शेवट मला पाठ आहे, ती परत येते आणि ओटीवर दिवा लावते." मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "छे, ती कुठली येतेय! फक्त पत्र येतं." दोघी बहिणी आठवडाभर यावरून बोलत नाहीयेत. नवी आवृत्ती दोन दुकानांत विचारली. सिनेमाच्या वेळेला येईल म्हणाले, म्हणजे मला नको तेव्हा.

तर सोळा पानं कुठे मिळतील? आणि आईला थिएटरात कुठल्या रांगेत बसवू? आगाऊ धन्यवाद.

कोपरीकर: पीडीएफ आहे माझ्याकडे बहुतेक, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

नेरूळची_वाचक: कोपरीकर, नका हो. लेखक जाऊन साठ वर्षं होईपर्यंत प्रताधिकार असतो. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे, जुन्या आवृत्त्या आधी तिथे शोधाव्यात. ऐरोलीहून लांब तरी कुठे, मधे एक दिघा स्टेशन.

आणि वर्णनं अजिबात गाळू नका. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट असा हिशेब धरतात. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे दीडशे पानं. तुमच्या ४१६ मधलं किती उडणार ते दिसतंच आहे. गाळायचं काम त्यांचं आहे, तुम्ही कशाला अंगावर घेता? शंभर पानं उरली तर सिनेमानंतर वाचा. फक्त शेवट आधी वाचून घ्या.

सहजच_आलो: शेवट आधी??? काकू कान धरतील तुमचा.

मला हा 'काय ढापलं' हिशेबच पटत नाही. 'सिंहासन' (१९७९) घ्या. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर मिळून एक सिनेमा, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. पुस्तक मांडीवर घेऊन बघितलात तर पहिल्या दहा मिनिटांत तक्रारींची वही भरेल. पण सिनेमा म्हणून उभा राहतो ना?

धागाकर्ता: राहतो. पण दर वेळी तेंडुलकर कुठून आणायचे?

वाशीचा_बाल्कनीवाला: रांगेबद्दल सांगतो, माझ्या वडिलांना हाच त्रास होता. सगळे म्हातार्‍यांना मागच्या आरामखुर्च्यांत नेऊन बसवतात, तिथून त्यांना काही कळत नाही. मधल्या रांगांच्याही जरा पुढे बसवा, चित्र मोठं होतं. कडेची सीट घ्या. मान कुठल्या बाजूला तिरकी करतात ते बघून डावी की उजवी ते ठरवा. दिवे जायच्या आत जागेवर पोचा, पायर्‍या अंधारात घात करतात. मध्येच कानात कुजबुजून सांगायला लागू नका. बाबा चिडायचे.

नेरूळची_वाचक: हे कुठल्याही डॉक्टरने सांगितलं नसतं. _/\_

अवांतर: 'श्यामची आई' रात्रीरात्रींनीच सांगितलेली आहे, बेचाळीस रात्री. अत्र्यांनी १९५३ मध्ये तिचा सिनेमा केला तेव्हा बेचाळीस थोड्याच घेता येणार होत्या! तुमची आता चाळीत नाही तरी ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये तशीच पंगत जमलेली दिसतेय.

धागाकर्ता: पंगतच आहे. अकरावीतली मुलगी आधी हेडफोन लावून बसायची, आता कालची पानं कुठवर आली ते विचारते.

अपडेट. शनिवारी ठाण्याला ग्रंथ संग्रहालयात जाऊन आलो. प्रत मिळाली, जाड पुठ्ठ्याची बांधणी, पानं पिवळी पण सगळी. तिथेच टेबलाशी बसून ४०१ ते ४१६ वाचली. मावशीचं बरोबर. ती येत नाही. पत्र येतं, आणि तेही दुसर्‍याच कुणाच्या हातचं.

आता आली का पंचाईत. आईला ज्या शेवटावर भरवसा आहे तो पुस्तकात नाहीच. वाचून दाखवू की आपलं 'दिवा लावते' म्हणून मोकळा होऊ?

सहजच_आलो: वाचून दाखवा. पण दिवा आला कुठून ते आधी शोधा. आई हवेतून नाही आणणार.

नेरूळची_वाचक: +१. मावशींना विचारा.

धागाकर्ता: विचारलं. मावशी आधी 'मी जिंकले' म्हणून पाच मिनिटं बोलली. मग म्हणाली, "अरे, दिवा नाटकातला! गडकरी रंगायतन नवीन होतं तेव्हा आम्ही दोघी या कादंबरीचं नाटक बघायला गेलो होतो. त्यात ती परत येते. तुझी आई घरी येईपर्यंत रडत होती, तलावपाळीवर भेळसुद्धा खाल्ली नाही."

म्हणजे सिनेमावाले शेवट बदलतील म्हणून जी बाई महिनाभर धास्तावली आहे, तिच्या डोक्यात बदललेलाच शेवट इतकी वर्षं पक्का बसलाय.

काल रात्री वाचून दाखवला. प्रत घरी आणली होती, पुस्तक मध्येच सोडून शेवटावर उडी मारली म्हणून आधी बोलणी खाल्ली. चौदा पानं ऐकेपर्यंत गप्प होती. पत्राचा मजकूर दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "हे मी वाचलेलं आहे रे. विसरले नव्हते, मला नकोच होतं ते." थोड्या वेळाने, "नाटकातला बरा होता. बघू आता हे तिसरे काय करतात."

आज सकाळी मावशीला स्वतःहून फोन लावला. मी तीन तिकिटं धरली होती, ती चार झाली. वाशीचे बाल्कनीवाले, आई मान डावीकडे वळवून उजव्या कडेने बघते. मग सीट कुठल्या बाजूची घेऊ?

वाशीचा_बाल्कनीवाला: डावीकडची घ्या, पडदा उजव्या हाताला राहील. आणि मावशींना त्यांच्या शेजारी बसवू नका.